हात लावण्याआधी

डोक्याला गाठ आली आहे असं कळलं की घरातली माणसं दोन प्रश्न विचारतात. कॅन्सर आहे का? आणि आत मेंदूपर्यंत गेली आहे का? कवटीच्या हाडातून उगवणाऱ्या ज्या गाठींवर हे पुस्तक लिहिलं गेलं आहे, त्यांच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. पण ते ठामपणे सांगण्याआधी डॉक्टरला बरंच काही पाहावं, चाचपावं, विचारावं लागतं. तेवढं होण्यापूर्वीच कुणी गाठीला चिरा दिला, तर साधी गाठसुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणूनच या पुस्तकात शस्त्रक्रियेपेक्षा निदानाला जास्त पानं दिली आहेत हे पाहून मला मनापासून समाधान वाटलं.

या गाठी विरळा. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात फार तर दोन-चार भेटतील. त्याच्याकडे डोक्यावरचं जे काही येतं ते एकतर आवाळू, नाहीतर मार लागून आलेलं टेंगूळ. आवाळू काढणं रोजच्या सरावातलं काम: जागा बधिर करायची, चिरा द्यायचा, पिशवी सोडवायची, टाके घालायचे. या सरावलेल्या हाताखाली एखाद्या दिवशी हाडातली गाठ येते. चिरा दिल्यावर पिशवी सापडत नाही, खाली खरबरीत हाड लागतं, त्यातून रक्त पाझरू लागतं आणि दाबून धरलं तरी थांबत नाही. मग डोक्याला करकचून पट्टी बांधून रुग्णाची रवानगी शहराकडे होते. शहरातल्या बहुतेक न्यूरोसर्जननी अशी पट्टी कधी ना कधी उलगडली आहे. त्यात त्या डॉक्टरला बोल लावण्यात काही हशील नाही. ही गाठ वेगळी कशी ओळखायची, हे त्याला कुणी नीट दाखवलेलंच नसतं.

खरं तर ओळखायची पहिली पायरी अगदी साधी आहे. गाठीवरची कातडी दोन बोटांनी सरकवून पाहावी. गाठ कातडीबरोबर सरकली तर ती कातडीची. कातडी सरकली आणि गाठ जागच्या जागी राहिली, तर ती हाडाची किंवा हाडाखालची. मग सुरी बाजूला ठेवायची आणि सीटी स्कॅन सांगायचा. लहान मूल असेल तर ते रडताना गाठ फुगते का, गाठीत ठोका लागतो का, हे पाहायचं. डोक्याच्या मधल्या रेषेवरची गाठ, मग ती टाळूवर असो वा नाकाच्या मुळाशी, स्कॅनशिवाय उघडायचीच नाही. तिथे हाडाला जन्मतःच भोक असू शकतं आणि त्यातून मेंदूचं आवरण, कधी मेंदूचाच भाग, बाहेर आलेला असू शकतो. तान्ह्या मुलाच्या कवटीला पडून तडा गेला असेल, तर कधी कधी तो काही महिन्यांत रुंदावत जातो आणि तिथे ठोके देणारा फुगवटा येतो. दिसायला गाठच, पण ती गाठ नव्हे.

दुसरी पायरी म्हणजे विचारपूस. ही गाठ पहिल्यांदा जाणवते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच बोटांना. पोरीच्या डोक्याला तेल लावणारी आई, केस कापणारा कारागीर. ‘साहेब, इथे काहीतरी टणक लागतंय,’ असं त्याने म्हटल्यावरच साहेबांना पत्ता लागतो. त्यामुळे ‘कधीपासून आहे?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर फारसं भरवशाचं नसतं. अशा वेळी मी घरातले जुने फोटो आणायला सांगतो. लग्नातला, शाळेच्या ओळखपत्रावरचा, कुठलाही. कपाळावरचा फुगवटा दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही दिसत असेल, तर माझ्या मनावरचा निम्मा भार उतरतो. तोच फुगवटा सहा आठवड्यांत आला असेल आणि दुखत असेल, तर विचाराची दिशाच बदलते.

माथ्याचं हाड एकसंध नसतं. बाहेर एक कठीण थर, आत एक कठीण थर आणि दोहोंच्या मधे रक्ताने भरलेला जाळीदार मऊ थर. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटून वर येतो. मधल्या थरात वाढणारी गाठ बाहेरच्या हाडाचं तेच करते. तो पापुद्रा हाताला लागतो. पण आतल्या पापुद्र्याचं काय झालं आहे, तो शाबूत आहे, पातळ झाला आहे की विरून गेला आहे, हे कितीही निष्णात बोटांना कळत नाही. त्यासाठी सीटीच हवा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचा सीटी काढला गेला. त्याआधी साध्या एक्स-रेत कवटीच्या दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींवर पडत आणि त्यातून अंदाज बांधावा लागे. आता हाडाचा एकेक काप वेगळा दिसतो. मात्र तो मागावा लागतो. मेंदू पाहण्याची प्रतिमा वेगळी आणि हाड पाहण्याची, ‘बोन विंडो’ची, वेगळी. मेंदूच्याच प्रतिमा पाहून ‘सर्व ठीक’ असा अहवाल दिलेला आणि त्याच स्कॅनच्या बोन विंडोत गाठ स्पष्ट दिसत असलेली, असे रुग्ण येतात. पुस्तकातलं सीटीवरचं प्रकरण निवासी डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा वाचावं ते यासाठी.

आता गाठींकडे वळतो. सर्वांत जास्त आढळणारी म्हणजे ऑस्टिओमा, घट्ट, हस्तिदंतासारख्या हाडाचा गुळगुळीत उंचवटा. तो दुखत नाही, वर्षानुवर्षं इवलासा वाढतो आणि बहुतेकांना त्याचा काही उपद्रव नसतो. नको असेल तर बाहेरच्या थरापुरता घासून काढता येतो, आतला थर उघडावाही लागत नाही. कपाळामागच्या हवेच्या पोकळीत तो वाढला तरच वाट अडवतो, आणि मग डोकेदुखी, सायनसचा संसर्ग, डोळा पुढे येणं असे त्रास सुरू होतात. एका गोष्टीसाठी मात्र थांबायला हवं. एकाच माणसाच्या कवटीत आणि जबड्यात असे अनेक उंचवटे असतील, तर डोकं सोडून मोठ्या आतड्याची तपासणी करायची. अमेरिकेतल्या यूटामध्ये एल्डन गार्डनर यांनी १९५०च्या सुमारास एका कुटुंबाच्या अभ्यासातून दाखवलेला हा आनुवंशिक आजार. त्यात आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि उपचार न केल्यास त्यांचा कॅन्सर जवळपास ठरलेला असतो. हाडाचे उंचवटे कित्येकदा पॉलिपच्या बऱ्याच आधी दिसतात. कपाळावरच्या निरुपद्रवी गाठीवरून आतड्याच्या कॅन्सरपासून माणूस वाचवता येतो, आणि एकट्याचाच नव्हे, त्याच्या भावंडांचा आणि मुलांचाही जीव वाचतो.

हाडातली रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा, ही मला या सगळ्यांत जास्त शिकवणारी वाटते. लंडनचे शल्यविशारद जोसेफ टॉइन्बी यांनी १८४५ साली कवटीतल्या अशा गाठीचं वर्णन केलं. हाडांच्या एकूण गाठींत कवटीतल्या हिमँजिओमाचं प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास सांगितलं जातं. स्त्रियांत जास्त, मध्यम वयात, कपाळाच्या किंवा माथ्याच्या बाजूच्या हाडात. सीटीत ती कधी मधाच्या पोळ्यासारखी, तर कधी मधल्या बिंदूपासून फाकणाऱ्या किरणांसारखी दिसते. ते किरण पाठ्यपुस्तकात हमखास असतात, प्रत्यक्षात पुष्कळदा नसतात, आणि नसले की निदान डळमळतं.

हिला सुई टोचायची नाही, कुरतडायचं नाही, खरवडायचंही नाही. काढायची तर अख्खी, भोवतीच्या निरोगी हाडासकट. चिरा केसांच्या आत बसेल असा घेतात. कातडी उलटल्यावर हाडावरचा पातळ पडदा जपून बाजूला करतात, कारण शेवटी तो पुन्हा पांघरायचा असतो. मग गाठीच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर सोडून चांगल्या हाडात भोकं पाडायची. प्रत्येक भोकातून पातळ, वाकडं अवजार आत सरकवून हाड आणि त्याखालचं मेंदूचं जाड आवरण, ड्युरा, एकमेकांपासून सुटं करायचं आणि हाड कापणाऱ्या क्रेनिओटोमने भोकं जोडत जायची. हे सुटं करणं घाईने होत नाही. वय वाढलेल्या रुग्णात ड्युरा हाडाला चिकटून बसलेला असतो. जोर केला की फाटतो. तुकडा उचलताना ड्युरातून हाडात शिरणाऱ्या बारीक वाहिन्या एकेक करून जाळाव्या लागतात, आणि कापलेल्या कडांतून पाझरणारं रक्त मेण दाबून थांबवावं लागतं. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८९२ मध्ये मधमाशांच्या मेणात बदामाचं तेल आणि सॅलिसिलिक ॲसिड मिसळून केलेलं ते मेण थोड्याफार बदलाने आम्ही अजून वापरतो. तुकडा उलटा धरला की आतली गाठ दिसते: जांभळट लाल, भोकाभोकांची, आणि चहूबाजूंनी पांढरं निरोगी हाड. ती पांढरी कड सलग दिसली म्हणजे काम पुरं झालं.

हीच गाठ मधल्या रेषेवर असेल तर हिशेब वेगळा. तिथे हाडाखाली मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर असते, सुपीरियर सॅजिटल सायनस. ती फाटली तर रक्त जातंच. शिवाय डोकं हृदयापेक्षा उंच ठेवलेलं असेल तर हवा आत ओढली जाऊन थेट हृदयात पोचते. म्हणून एमआरआयमध्ये शिरांचा नकाशा आधी पाहायचा, आणि भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशी समोरासमोर बोलायचं. कागदावरच्या नोंदीवर भागवायचं नाही.

एपिडरमॉइडची गोष्ट निराळी. गर्भात कातडी आणि मज्जासंस्था वेगळ्या होताना कातडीच्या चार पेशी हाडात अडकतात आणि तिथेच आयुष्यभर कोंडा टाकत राहतात. तो कोंडा साठत जाऊन मोत्यासारखी चमकणारी पांढरी गाठ होते. वाढ इतकी सावकाश की मेंदूला सरकून जागा करून द्यायला भरपूर वेळ मिळतो. हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये अशा एका मोठ्या गाठीवर लेख लिहिला. मेंदूची डावी बाजू दबून आकार बिघडलेला, आणि रुग्णाला मेंदूची म्हणावी अशी लक्षणंच नाहीत. हिचं अस्तर शिल्लक राहिलं की ती पुन्हा होते. त्यामुळे अस्तराचा कण न् कण काढायचा आणि आतला ऐवज मेंदूच्या पाण्यात सांडू द्यायचा नाही, नाहीतर जंतू नसतानाही मेंदूज्वरासारखा दाह होतो.

मुलांच्या गाठींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आईबाप सर्वांत जास्त घाबरतात ते इथे. सहा-सात वर्षांचं मूल, डोक्यावर काही आठवड्यांत आलेली मऊ, दुखरी गाठ, आणि सीटीत हाडाला आरपार भोक. ते चित्र पाहून कुणाचाही ठोका चुकेल. पण भोकाच्या कडा नीट पाहिल्या तर आतल्या थराची आणि बाहेरच्या थराची झीज सारखी नसते, कड तिरकी तासल्यासारखी दिसते. ही इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमाची खूण. या विकाराचं आजचं नाव लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. पाऊल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये, वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच, कातडीतल्या एका पेशीचं वर्णन केलं होतं. या गाठीतल्या पेशी त्यांच्याशी मिळत्याजुळत्या म्हणून हे नाव. हा नेमका दाह की अर्बुद, यावर दशकानुदशकं वाद चालला. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पेशींत ब्रॅफ जनुकातला एकच विशिष्ट बदल सापडला आणि पारडं अर्बुदाकडे झुकलं. एवढं भयंकर दिसणारं भोक, पण एकाच जागी असेल तर खरवडून काढल्यावर, कधी नुसती बायोप्सी घेतल्यावरही, भरून येतं. मात्र हाडं अनेक असतील, किंवा डोळ्याभोवतालचं अथवा कानामागचं हाड असेल, तर प्रकरण बालरोग कर्करोगतज्ज्ञांकडे जातं आणि औषधं द्यावी लागतात. मूल फार पाणी पितं का, रात्री लघवीला सारखं उठतं का, हे आईला न चुकता विचारायचं. पिट्यूटरीला धक्का लागला असेल तर तो असा कळतो.

आपल्याकडे याच्या शेजारी आणखी एक नाव लिहावंच लागतं: क्षय. कवटीच्या हाडाचा क्षय परदेशी ग्रंथांत तळटीपेपुरता असतो. आपल्याकडे तरुण मुलामुलींत डोक्यावरचा मऊ, गरम न लागणारा फुगवटा आणि खाली झिजलेलं हाड दिसलं की तो मनात धरावाच लागतो. त्याचा खरा उपचार क्षयाची औषधं. हाडाचा मोठा तुकडा काढून टाकण्याची गरज बहुतेकदा पडत नाही. म्हणून काढलेल्या द्रव्याचा थोडा भाग फॉर्मॅलिनमध्ये न घालता जंतूंच्या तपासणीसाठी वेगळा ठेवायचा. सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की क्षयाचा जंतू वाढवून पाहण्याची संधी गेली. पुस्तकात ही सूचना ठळक अक्षरांत छापली आहे, ते फार बरं केलं.

फायब्रस डिस्प्लेसियाच्या प्रकरणात लेखकांनी दाखवलेल्या संयमाचं मला विशेष कौतुक वाटतं. यात हाडाच्या जागी तंतूंचं अर्धंकच्चं हाड तयार होतं आणि सीटीत ते घासलेल्या काचेसारखं धूसर दिसतं. लुई लिक्टेनस्टाइन यांनी १९३८ मध्ये त्याला हे नाव दिलं, पण विकार फार पुरातन. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सापडलेल्या, एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसाच्या बरगडीतही तो आढळला आहे. कारण जीएनएएस जनुकातला एक बदल, जो गर्भधारणेनंतर काही पेशींत घडतो. आईबापांकडून तो येत नाही आणि मुलांकडे जात नाही. हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण मुलीच्या चेहऱ्यात फरक दिसू लागला की दोष कुणाच्या घराण्याचा यावर घरात कुजबुज सुरू होते.

या विकाराची वाढ वयात आल्यावर बहुधा मंदावते. म्हणून दहा वर्षांच्या मुलाचं कपाळ घाईघाईने तासून सपाट केलं, तर ते पुन्हा वर येण्याची शक्यता जास्त. गाठीने डोळ्याच्या नसेच्या बोगद्याला वेढलेलं दिसलं की शल्यविशारदाचे हात शिवशिवतात. पण नजर चांगली असेल तर केवळ खबरदारी म्हणून तो बोगदा मोकळा करू नये, असंच आजचं बहुतेक जाणकारांचं मत आहे. त्या शस्त्रक्रियेतच नजर जाण्याचा धोका असतो. नियमित नेत्रतपासणी करत राहायचं, आणि नजर खालावायला लागली तर मग हात घालायचा. किरणोपचार मात्र द्यायचे नाहीत, त्याने या हाडात पुढे कॅन्सर होण्याची भीती वाढते. ‘काही करत नाही आहोत’ हे आईबापांना समजावताना ऑपरेशनची संमती घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो द्यायलाच हवा.

मोठ्या वयात हे सगळं उलट्या बाजूने पाहायचं. चाळिशी-पन्नाशीनंतर कवटीत नवी, हाड खाणारी गाठ दिसली की ती साधी आहे हे सिद्ध होईपर्यंत साधी मानायची नाही. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, थायरॉइड यांचे कॅन्सर आणि मायलोमा हे सगळे तिथे येऊ शकतात. थायरॉइडचा कॅन्सर कधी कधी डोक्यावरच्या ठोके देणाऱ्या गाठीनेच पहिल्यांदा प्रकट होतो. डोकं तपासताना गळ्याला आणि स्तनांना हात लावून पाहायला विसरणारा डॉक्टर स्कॅनवर कितीही खर्च करवून घेवो, निदान चुकण्याची वाट मोकळी ठेवतो.

शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा. हाड काचपट्टीसाठी लगेच कापता येत नाही. आधी त्यातलं कॅल्शियम आम्लात काढून ते मऊ करावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. ‘रिपोर्ट कधी?’ म्हणून वॉर्डबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना हे कुणीतरी बसून सांगायला हवं, नाहीतर उशीर म्हणजे वाईट बातमी असा समज होतो. पॅथॉलॉजिस्टलाही नुसता तुकडा पाठवू नये, सोबत सीटी दाखवावा.

एका मुद्द्यावर लेखकांशी माझा मतभेद आहे आणि त्यांच्या संमतीने तो इथे नोंदवतो. काढलेल्या हाडाच्या जागी काय बसवायचं? त्यांचा कल टायटॅनियमच्या जाळीकडे आणि सीटीवरून आधीच घडवून घेतलेल्या साच्यांकडे आहे. प्रौढांत मला ते मान्य आहे. बोन सिमेंट स्वस्त आणि चांगलं, पण घट्ट होताना चांगलंच तापतं. ड्युराला चटका बसू नये म्हणून थंड सलाइन सतत सोडत राहावं लागतं. लहान मुलांत मात्र मी शक्यतो मुलाचंच हाड वापरतो. शेजारचा निरोगी तुकडा उचलून छिन्नीने त्याचे दोन थर सोडवायचे, एक मूळ जागी, दुसरा खिंडारावर. मधला थर पुरेसा तयार झालेल्या वयातच हे जमतं आणि वेळ जास्त जातो. पण ते हाड जिवंत हाडाशी सांधतं आणि मुलाच्या डोक्याबरोबर वाढीत सामील होतं. वाढत्या डोक्याला बसवलेली धातूची जाळी तेवढीच राहते.

पुस्तकाच्या शेवटी रुग्णांसाठी दोन पानं आहेत. त्यातली एक सूचना डॉक्टरांनीही रुग्णांना तोंडाने सांगावी: जुना सीटी टाकू नका. अहवालाचा कागद पुरत नाही. फिल्म किंवा सीडी, जे मिळालं असेल ते जपून ठेवा, फिल्म घडी न घालता. या गाठी सावकाश वाढतात. पाच वर्षांनी नवा सीटी काढला की दोन्ही शेजारी ठेवून फरक मिलिमीटरमध्ये मोजता येतो, आणि ऑपरेशन करायचं की आणखी थांबायचं हे पुष्कळदा त्या मोजमापावरच ठरतं.